टीएलडी बॅजचं रीडिंग जास्त आलंय, रक्ताची क्रोमोसोम टेस्ट सांगितलीय – माहिती हवी आहे

गवतीचहा:
नमस्कार मंडळी, धागा आरोग्य विभागात टाकतेय, चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

नवरा कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या रक्तवाहिन्या एक्सरेखाली बघून उपचार करतात ती खोली) टेक्निशियन आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, नोकरी आहे शेवटी. अँजिओप्लास्टीच्या वेळी आत टेबलापाशी उभं राहावं लागतं, अंगावर लेडचा एप्रन आणि एप्रनच्या आत छातीशी टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला किती रेडिएशन लागलं ते मोजणारा बिल्ला. गेल्या तिमाहीचं रीडिंग ११२ मिलिसिव्हर्ट (रेडिएशनच्या डोसचं माप) आलं, एरवी एकसुद्धा येत नाही. वर्षाला जास्तीत जास्त ३० आणि पाच वर्षांत मिळून १०० अशी मर्यादा आहे, म्हणजे कागदावर तरी ह्याचा पाच वर्षांचा कोटा तीन महिन्यांत संपला.

आता खरी मेख अशी की मधले बरेच दिवस बॅज हरवला होता, आणि सापडला कुठे तर टेबलाखाली लेडचा पडदा असतो ना त्याला अडकलेला, म्हणजे एक्सरे ट्यूबच्या शेजारीच. नवरा म्हणतो रीडिंग बॅजचं आहे, माझं नाही. हॉस्पिटलवाले म्हणतात बॅज घातला नव्हता असं लेखी दे, विषय मिटेल. लेखी दिलं आणि उद्या खरंच काही निघालं तर मग? आम्ही अजून काही लिहून दिलेलं नाही.

आता रक्त बीएआरसीला (भाभा अणुसंशोधन केंद्र) पाठवून क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, बघणार आहेत. ह्यातून नक्की काय कळतं? दुसरं म्हणजे एका प्रायव्हेट लॅबवाल्याने डीएनए डॅमेज आणि रिपेअरचं पॅकेज सांगितलंय, कॉमेट टेस्ट की काहीतरी, साडेबारा हजार रुपये, ते करावं का? आणि सगळं नॉर्मल आलं तर कॅन्सरची भीती नाही असं समजायचं का? आम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करत होतो, ते सगळं थांबलंय, सासूबाईंना तर काही सांगितलेलंच नाही.

हिरवा_माणूस:
गव्हांकुराचा रस सुरू करा, पेशी आपोआप रिपेअर होतात.

तिरसट:
अहो ती काय विचारतेय आणि तुम्ही काय सांगताय. ताई, जाणकार येतील, थांबा.

कोकणकडा:
ताई, मी बरीच वर्षं सायटोजेनेटिक्स लॅबमध्ये (क्रोमोसोम तपासतात ती) काढलीत, त्यामुळे जरा लांब लिहितो.

आधी पॅकेजचं. ते पैसे वाचवा. कॉमेट टेस्ट खोटी नाही, १९८८ पासून तिची अल्कलीवाली पद्धत जगभर वापरतात. एकेक पेशी ॲगरोजच्या जेलमध्ये बसवून करंट देतात, तुटलेला डीएनए पुढे सरकतो आणि मागे शेपटी दिसते, शेपटीत किती टक्के डीएनए आहे ते मोजतात. पण साधे तुकडे पेशी तासाभरात, फार तर काही तासांत जोडून टाकते. दोन्ही धागे तुटले की तिथे गॅमा-एच२एएक्स नावाचे ठिपके दिसतात, ते पण दिवसभरात बरेचसे जातात. तुमच्याकडे प्रकार घडला असलाच तर गेल्या तिमाहीत. आज शेपटी लांब आलीच तर ती कालच्या तापाची, सिगरेटची किंवा जिममधल्या व्यायामाची असू शकते, आणि नाही आली तरी मागचं काहीच सिद्ध होत नाही.

क्रोमोसोमची टेस्ट वेगळी आहे कारण ती तुटलेलं बघत नाही, चुकीचं जोडलेलं बघते. दोन क्रोमोसोम एकाच वेळी तुटले आणि पेशीने घाईत ह्याचं टोक त्याला जोडलं की एकाच क्रोमोसोमवर दोन सेंट्रोमिअर (क्रोमोसोमवरची आवळलेली जागा, एरवी एकच असते) येतात, त्याला डायसेंट्रिक म्हणतात. ती चूक रक्तातल्या लिम्फोसाइटमध्ये (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) महिनोन्महिने राहते, साधारण तीनेक वर्षांत निम्मी होते. म्हणून उशिरा रक्त दिलं तरी चालतं, फक्त उगाच लांबवू नका.

लॅबमध्ये काय होतं तर लिम्फोसाइट एरवी झोपलेल्या असतात, त्यांना फायटोहिमॅग्लुटिनिन घालून जागं करायचं (हे राजम्यातून काढतात, खरंच), ४८ तास ३७ डिग्रीला ठेवायचं, शेवटी कोल्सेमिड घालून विभाजन मधेच अडवायचं, स्लाइडवर थेंब टाकून जिम्सा स्टेनने रंगवायचं. मग मायक्रोस्कोपला बसून ५०० नाहीतर १००० पेशी बघायच्या. दोन जागी आवळलेला क्रोमोसोम दिसला की शेजारी बिनसेंट्रोमिअरचा तुकडा शोधायचा, तो असेल तर मोजायचा. मान मोडते पण डोळा एकदा बसला की चुकत नाही.

आता तुमच्या आकड्याची अडचण. ज्याला रेडिएशन लागलेलं नाही त्याच्यातही हजार पेशींत एखादा डायसेंट्रिक सापडतो. सगळ्या अंगाला १०० मिलिग्रे (एक्सरेच्या बाबतीत मिलिसिव्हर्टएवढंच धरा) बसले असतील तर हजारात पाचेक सापडावेत. आणि १०० च्या आसपासच ह्या टेस्टची नजर संपते. म्हणजे शून्य आले तर डोस शून्य असं नाही, टेस्टला दिसेल एवढा नव्हता एवढंच. तरी करा, कारण बॅज कुठे लटकला होता ते बॅज सांगू शकत नाही, पण रक्त मात्र कायम माणसाबरोबरच होतं. २०१० मध्ये दिल्लीत मायापुरीला कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ भंगारात गेला, तिथे कुणाच्या अंगावर बॅज असायचा प्रश्नच नव्हता, तेव्हा असेच रक्तातले क्रोमोसोम बघून डोस काढला होता.

गवतीचहा:
दादा खूप आभार, पहिल्यांदा कुणीतरी नीट समजावलं. पण मग कॅन्सरचं?

डॉ_निवांत:
ती टेस्ट डोस सांगते, भविष्य नाही. २००७ चा एक मोठा अभ्यास आहे, १० देशांतले साडेसहा हजारांवर लोक, ज्यांच्या लिम्फोसाइटमध्ये मायक्रोन्यूक्लियस (क्रोमोसोमच्या सुट्या राहिलेल्या भागांचे छोटे गोळे) जास्त त्यांच्यात पुढे कॅन्सर जास्त निघाले. पण ते गटाचं गणित, एका माणसाला धरून तसं काढता येत नाही. नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठी आंतरराष्ट्रीय हिशोब साधारण असा की १००० मिलिसिव्हर्टला कॅन्सरच्या एरवीच्या धोक्यात ४ टक्क्यांची, म्हणजे शंभरात चार माणसांची, भर पडते. म्हणजे अख्खे ११२ खरे धरले तरी अर्ध्या टक्क्याहून कमीच. मिस्टर तंबाखू खात असतील तर ती आधी सोडवा, हे सरळच सांगतो.

बाळाचं म्हणाल तर हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांवर कित्येक दशकं अभ्यास चाललाय, आई-बापाच्या रेडिएशनमुळे आनुवंशिक दोष वाढल्याचं दिसलेलं नाही. मनाच्या समाधानासाठी तीनेक महिने थांबा, तेवढ्यात शुक्राणू नवीन तयार होतात. आणि कॅथलॅबवाल्यांनी डोळे दाखवत राहावेत, मोतीबिंदू लवकर येतो त्यांच्यात, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तिरसट:
+१. लेखी द्यायचंच तर बॅज कधी हरवला, कुठे सापडला, कुणाला सांगितलं एवढंच लिहा. घातला नव्हता हे वाक्य नको.

गवतीचहा:
हो, तसंच करतो. रक्त सोमवारी घेणार आहेत. उपाशीपोटी लागतं का? आणि गेल्या वर्षी मुतखड्यासाठी ह्याचा पोटाचा सीटी स्कॅन झाला होता, तो सांगायचा का?

कोकणकडा:
उपाशी नको. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची ट्यूब मागा, जांभळी ईडीटीएची दिली तर कल्चर नीट वाढत नाही. फ्रीजरमध्ये चुकूनही ठेवू देऊ नका, पेशी जिवंत पोचायला हव्यात. सोमवार उत्तम, शुक्रवारी घेतलं तर शनिवार-रविवार कुरिअरमध्ये पडून राहतं. सीटी नक्की सांगा, तारखेसकट, आणि आधी कधी केमो किंवा रेडिएशन झालं असेल तर तेही फॉर्मवर लिहा.