सोसायटीतल्या पोरांकडून आकाशकंदील करून घ्यायचाय, किट नको, खरा कामट्यांचा. कसा जमवू?

चिंगीची_आई

नमस्कार मंडळी, मदत हवीये. दरवर्षी आम्ही ते कार्डशीटचं किट आणतो, खाचेत खाच घालायची की वीस मिनिटांत कंदील तयार आणि पोरं परत मोबाइलवर. गेल्या वर्षी त्यातल्या दोन खाचा फाटल्या, सासऱ्यांनी सेलोटेप लावून तो कसाबसा उभा केला आणि पाडव्याच्या दिवशी सकाळी तो कुंडीत पडलेला सापडला. तेव्हापासून त्यांचं चालूच आहे, आमच्या वेळी आम्ही कामट्या तासून करायचो वगैरे. म्हटलं चला, या वर्षी करूनच बघू.

तर आहे असं की एकूण अकरा पोरं, सगळ्यात लहान पाच वर्षांचा आणि मोठी तेरा वर्षांची. मदतीला चार आजी-आजोबा आणि आम्ही तीन आया. (बाबालोक म्हणतात आम्ही वायरिंग बघू, म्हणजे शेवटी येऊन बल्ब लावून फोटो काढणार.) दोन रविवार मिळतील, क्लबहाऊस मिळेल, दीड हजारापर्यंत वर्गणी जमेल. पुण्यात राहतो. थर्माकोल नकोच, एक तर 2018 पासून बंदी आहे आणि दुसरं म्हणजे ते कापताना घरभर जे गोळे उडतात ते मी अजून सोफ्याखालून काढतेय.

मला कामट्यांतलं शून्य कळतं. किती लागतात, कुठे मिळतात, चिकटवायचं कशाने आणि पाच वर्षांच्या पोराला काय काम द्यायचं, एवढं सांगा.

नाना_गिरगाववाले

ताई, तुमचे सासरे बरोबर बोलतायत, त्यांना पुढे घाला.

चाळीत आम्ही जो करायचो तो सांगतो, याच्याइतका सोपा आणि दिसायला भरदार दुसरा नाही. एका कंदिलाला चोवीस काड्या, सगळ्या एकाच मापाच्या, दहा इंच धरा. चार-चार काड्या बांधून सहा चौकोन करायचे. एक चौकोन खाली आडवा ठेवायचा, त्याच्या चार कोपऱ्यांना चार चौकोन पतंगासारखे कोपऱ्यावर उभे करून बांधायचे, मग शेजारच्या पतंगांचे आडवे कोपरे एकमेकांना बांधायचे आणि वरच्या चार टोकांवर सहावा चौकोन बसवायचा. बस. मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांना वेगळी काडी लागत नाही, पोरं इथे हमखास तोंड उघडून बघतात. खालचा आणि वरचा चौकोन उघडा ठेवायचा, वरून बल्ब आणि खालून शेपट्या. म्हणजे कागद लागतो चार चौकोनांना आणि आठ त्रिकोणांना.

कामट्या पुण्यात बुरूड आळीत मिळतील. नुसतं कामट्या द्या म्हणू नका, कंदिलासाठी पातळ, करंगळीच्या निम्म्या जाडीच्या आणि हिरव्या बांबूच्या नको, वाळलेल्या, असं सांगा. हिरवी कामटी वाळताना वाकते आणि चार दिवसांनी कंदील लकवा मारल्यासारखा दिसतो. मापात तिथेच कापून मिळाल्या तर फार बरं. चार कंदिलांना शहाण्णव लागतील, तुम्ही एकशे दहा घ्या, मोडतात. आणि पोरांच्या हातात द्यायच्या आधी प्रत्येक काडीवरून पॉलिश पेपर फिरवा, बांबूचं कुसळ बोटात गेलं की तो पोरगा त्या दिवसापुरता गेला.

चिकटवायला खळ. फेव्हिकॉलने पतंगाचा कागद सुरकुततो आणि डागही दिसतो. दोन चमचे मैदा आधी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरट होतं ते जरा पारदर्शक दिसायला लागलं की उतरवायचं. आमच्याकडे त्यात किडीसाठी मोरचूद घालायचे, तुम्ही घालू नका, विषारी असतं आणि पाच वर्षांचा पोरगा बोट चाटणारच. चिमूटभर तुरटी चालेल. खळ कोमट असतानाच कामाची, आणि कागदाला नाही, काडीला लावायची. कागद काडीपेक्षा बोटभर मोठा कापून कड आत दुमडायची. वाळला की असा ताणला जातो की टिचकी मारली तर डफासारखा वाजतो.

गणिताचे_सर

नानांनी सांगितलेली आकृती शाळेत शिकवायला मला फार आवडते, म्हणून दोन शब्द. चोवीस काड्या, बारा कोपरे, चौदा बाजू. गंमत म्हणजे या आकाराच्या मध्यबिंदूपासून प्रत्येक कोपऱ्याचं अंतर काडीच्या लांबीइतकंच असतं. काडी दहा इंच तर मधोमध टांगलेल्या बल्बपासून सगळे कोपरे दहा इंचांवर, आणि सगळ्यात जवळचा कागद, म्हणजे चौकोनाचा, सात इंचांवर. दहा इंची काड्यांचा कंदील साधारण चौदा इंच उंच होतो. पोरांना आधी अंदाज करायला सांगा, मग मोजपट्टी द्या.

एक धोक्याची सूचना. कागद लावण्याआधी हा सांगाडा डुलतो. वरून दाबलात तर पिळवटून खाली बसतो, कारण त्रिकोण घट्ट असतो पण चौकोन नसतो. अरविंद गुप्ता यांची काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी माहीत असतील, त्यात हेच दिसतं. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही ओढा हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच शंकरपाळी होतो. लहान पोरांना पहिल्या रविवारी हेच करायला द्या. काड्यांचं गूल आधी खरवडून टाका आणि व्हॉल्व्ह ट्यूब सायकलच्या दुकानात मागा.

मोठ्या सांगाड्याला उपाय म्हणजे प्रत्येक चौकोनाला आतून दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बांधायचा. एकच कर्ण बांधून भागत नाही, दोरा ओढून धरतो पण ढकलत नाही. दहा इंची चौकोनाचा कर्ण चौदा इंचांच्या किंचित वर येतो, दोन्ही कर्ण सारखे भरले की चौकोन काटकोनात आहे समजा.

नाना_गिरगाववाले

सर तुमचं गणित पक्कं आहे पण सहा चौकोनांना बारा दोरे बांधत बसलात तर दिवाळी संपेल. आम्ही फक्त वरच्या आणि खालच्या चौकोनात आडव्या काड्यांची फुली घालायचो, वरच्या फुलीला बल्बही बांधता येतो. बाकीचं कागद सांभाळतो. फक्त पहिला कागद लावताना एकाने सांगाडा दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवायचा आणि पहिल्यानंतर दुसरा त्याच्या समोरच्या बाजूचा लावायचा, शेजारचा नाही, नाहीतर एका अंगाला ओढला जातो.

दोनमिनिटवाला

एवढं सगळं करण्यापेक्षा बाजारातून आणा की, अडीचशेला मिळतो. मैदा करंज्यांना वापरा.

मालवणची_वैनी

दोनमिनिटवाले भावोजी, करंज्या कंदिलालाच लावतात, माहीत नाही वाटतं 😄

चिंगीच्या आई, बारक्यांचं टेन्शन घेऊ नका, खरं काम त्यांचंच. घोटीव कागदाचे वाटीने गोल आखून कापायचे, गोल अर्ध्यात दुमडायचा, कडेला बोटाने खळ लावायची आणि दाबताना मध्ये थोडी फुगीर ठेवायची, झाली करंजी. ती कोपऱ्याकोपऱ्याला लावायची. पाच वर्षांचं पोर एका बैठकीत पंधरा करतं, त्यातल्या आठ चपट्या होतात, त्या मागच्या बाजूला लावायच्या. शेपट्यांसाठी पतंगाच्या कागदाची लांब पट्टी चारदा दुमडून खालून बारीक कातरायची, वरचं दोन बोटं सोडून. हे कातरकाम आजीकडे द्या, पोरं शेवटपर्यंत कापतात आणि मग सगळ्या झिरमिळ्या सुट्ट्या.

आणि प्रत्येकाला घरी न्यायला आपापला कंदील हवाच असतो, नाहीतर चार कंदील आणि अकरा पोरं म्हणजे भांडण ठरलेलं. त्यासाठी खराट्याचे हीर घ्या, आमच्याकडे माडाचे ढीगभर असतात, तुम्हाला नवा खराटा आणावा लागेल, पन्नास-साठ रुपयांत काम होतं. एक हीर पातळ पडतो म्हणून दोन-दोन हीर उलटसुलट जोडायचे, जाड टोकाला बारीक टोक, चार इंचाचे कापायचे आणि हेच सहा चौकोन. त्यात बल्ब नाही, नुसती एलईडीची माळ. पणती तर मुळीच नको हां.

आमच्या गावातली पोरं दिवाळीआधी गोव्याकडे नरकासुर बघायला पळतात, गवत आणि कागदाचा एवढा थोरला करतात आणि चतुर्दशीच्या पहाटे जाळून टाकतात. माझा धाकटा एकदा तिथून रडत आला की एवढा छान केलेला जाळला का. तेव्हा त्याला कंदिलाच्या करंज्या करायला बसवलं, मग गप्प झाला.

मेलबर्नचा_मन्या

इथे कामट्या कुठून आणणार, मी बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्या वापरतो, सुपरमार्केटात शंभरचं पाकीट मिळतं, साधारण बारा इंचाच्या असतात. टोकं पक्कडीने कापून टाकायची, फार टोकदार असतात. त्या गोल असल्यामुळे दोरा सरकतो म्हणून मी कोपऱ्यांना छोटे रबर बँड लावतो, आठ वर्षांच्या पोरांना गाठ येत नाही पण रबर बँड बरोबर येतो. मागाहून सवडीने वरून दोऱ्याने पक्कं करायचं.

बाकी तुम्ही नशीबवान, संध्याकाळी सहाला अंधार पडतो. आमच्याकडे ऑक्टोबरअखेर पावणेआठपर्यंत उजेड असतो, कंदील लावून सगळे हातात चकली घेऊन अंधार पडायची वाट बघत उभे.

चिंगीची_आई

मंडळी, दोन्ही रविवार पार पडले, सांगायला आलेय. सगळ्यांचं ऐकलं आणि तरी घोळ घातलाच.

कामट्या बुरूड आळीतून सासऱ्यांनीच आणल्या, तिथल्या काकांशी अर्धा तास गप्पा मारून. पहिल्या रविवारी सांगाडे. मोठ्या पोरांनी चौकोन छान बांधले पण तिसऱ्या गटाच्या काड्यांमध्ये एक अकरा इंचाची शिरली होती, कुणाला कळलंच नाही, सगळं बांधून झाल्यावर वरचा चौकोन बसेना. पोरं म्हणाली कापून टाकू, सासरे म्हणाले सोडा आणि परत बांधा. तेरा वर्षांच्या मोठीने सगळ्या काड्या एकमेकींशेजारी उभ्या करून एक उंच काढून दाखवली आणि आजोबांनी तिला तिथल्या तिथे मुकादम करून टाकलं. सर, दोऱ्याचे कर्ण आम्ही एकाच कंदिलाला केले, तो खरंच सगळ्यात सरळ झालाय. आतल्या दोऱ्यांची फुली दिवा लावल्यावर कागदावर सावलीसारखी दिसते, पोरांना वाटतं मुद्दाम केलंय.

दुसऱ्या रविवारी कागद, आणि घोळ इथेच. लाल आणि पांढरा कागद शेजारी लावला, खळ जरा पातळ झाली होती, लालचा रंग सुटला आणि पांढरे त्रिकोण गुलाबी. एक आजी म्हणाल्या आता चारही बाजूंना गुलाबीच करा म्हणजे डिझाइन वाटेल, मग पोरांनी ओल्या लाल तुकड्याने बाकीचे पांढरे मुद्दाम रंगवले. आता तोच सगळ्यांना आवडतोय आणि तो गेटवर लागलाय. करंज्या सत्तरेक झाल्या, चपट्या मागे लावल्या. आमचा पाच वर्षांचा हिरो येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली करंजी कुठली ते दाखवतो, ती सांगायलाच हवी कारण दिसत नाही.

बाबालोकांनी वायरिंग केलं, कबूल. नऊ वॉटचा एलईडी. फोटोपण काढले.

आता एकच प्रश्न. हे चारही जपून कसे ठेवायचे? मोठ्या खोक्यात घालून माळ्यावर टाकू का?

नाना_गिरगाववाले

खोक्यात नको. खळ मैद्याची आहे, माळ्यावर झुरळं आणि कसर तिला सोडत नाहीत, पुढच्या वर्षी जाळी हातात येईल. तुळशीचं लग्न झालं की कंदील उतरवा, ओल्या फडक्याने काड्यांवरचा कागद सोडवून घ्या आणि नुसता सांगाडा धुऊन वाळवून खुंटीला टांगून ठेवा. गाठी सैल झाल्या असतील तेवढ्याच आवळायच्या. आमच्या चाळीत एक सांगाडा नऊ दिवाळ्या चालला, कागद दरवर्षी नवा. पुढच्या वर्षी वर्गणी दोनशे रुपयांत भागेल.

चिंगीची_आई

कागद सोडवायचा म्हणजे ती मागची करंजीपण काढायची. नाना, हे त्याला तुम्ही सांगा.