आईच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्च कसा उभा करावा?

गिरगावकर: माझी आई ६८ वर्षांची असून तिच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदलावे लागणार आहेत. चाळीचा जिना उतरताना ती कठडा धरून रडते, ते पाहवत नाही. खासगी रुग्णालयाने सांगितलेला खर्च आमच्या विम्याच्या रकमेत बसत नाही. कृपया अनुभव सांगावेत.

परळकर: माझ्या वडिलांची हीच शस्त्रक्रिया महापालिकेच्या केईएम रुग्णालयात झाली. तारखेसाठी बराच काळ थांबावे लागले, पण खर्च आवाक्यात राहिला. धर्मादाय रुग्णालयांतही जरूर चौकशी करा. तेथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

मुलुंडकर: मी खोलीच्या भाड्यात फसलो, म्हणून सविस्तर लिहितो. विम्यात भाड्याची मर्यादा असेल आणि आपण त्याहून महागडी खोली घेतली, तर केवळ भाड्यातला फरकच नव्हे, तर शल्यविशारदांच्या शुल्कासारख्या इतर खर्चांतही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. हे आम्हाला घरी सोडण्याच्या दिवशी कळले आणि पत्नीचे दागिने गहाण ठेवावे लागले. कृत्रिम सांध्याची किंमतही स्वतंत्र लिहून मागा, कारण केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये तिच्यावर कमाल मर्यादा घातली आहे.

गिरगावकर: दोघांचेही मनापासून आभार. उद्याच विम्याची कागदपत्रे पुन्हा वाचतो.