मदत हवी आहे: ६ मिनिटांचा व्हिडिओ आणि त्यात ५ मिनिटांचं लोडिंग कसं बसवू?

मंडळी, आठवीच्या पोरांसाठी मी छोटे व्हिडिओ बनवते, मोबाईलवरच शूट, मोबाईलवरच एडिट, आणि सहा मिनिटांच्या वर गेलं की मागचा बाक खिडकीबाहेर बघायला लागतो हे अनुभवाने माहीत आहे. या वेळचा विषय, घरात कॉम्प्युटर कसा शिरला. पहिल्या ड्राफ्टमध्ये १९७५ चा अल्टेअर, १९७७ चे ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८०, मग बीबीसी मायक्रो, सगळं कोंबलं आणि त्याची झाली सनावळी. माझ्या लेकीने दीड मिनिटात जांभई दिली. डिलीट.

आता एकच मशीन घेतलंय, सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचं झेडएक्स स्पेक्ट्रम. कारण सोपं, ते घरात आहे. मामा लंडनला असायचे, ८४ साली सुट्टीला येताना घेऊन आले. एप्रिल १९८२ मध्ये जाहीर झालं तेव्हा १६ केबीवालं १२५ पौंड आणि ४८ केबीवालं १७५ पौंड, आमचं ४८ वालं. ४८ केबी म्हणजे ग्रुपवर येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा मावणार नाही, आणि त्यात लोक गेम लिहायचे. खोडरबरासारखी मऊ बटणं, 'J' चं बटण दाबलं की आख्खा 'लोड' शब्दच उमटतो, टाईप करायची गरजच नाही.

अडचण कॅसेटची आहे. फ्लॉपी ड्राईव्ह तेव्हा महाग म्हणून प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवर, साध्या टेपरेकॉर्डरमधून. हेच मला दाखवायचंय, पण मोठा गेम लोड व्हायला पाच मिनिटं जवळजवळ. कट केलं तर मजाच गेली, ठेवलं तर व्हिडिओ संपला. शिवाय माझ्याकडे पाचातल्या चार वेळा 'आर टेप लोडिंग एरर' येतं. जुन्या डब्बा टीव्हीवर शूट करतेय तर मोबाईलमध्ये काळा पट्टा खालून वर सरकत राहतो. आणि एका मुलाने विचारलं की टीचर आवाजात गेम कसा काय असतो, त्याला धड उत्तर देता आलं नाही मला. कोणी यातलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
आधी एक सांगा, ॲडॉप्टर कुठला लावताय? मूळचा असेल तर ठीक, पण बाजारातला कुठलाही नऊ व्होल्टचा लावू नका. स्पेक्ट्रमला आतली पिन मायनस आणि बाहेर प्लस लागतं, हल्लीच्या बहुतेकांचं बरोब्बर उलटं असतं. एकदा चुकलं की व्हिडिओचा विषयच बदलेल.

धागाकर्ती
अहो, मूळचा फार तापतो म्हणून उद्या राउटरचा लावणार होते! थँक्यू, अगदी मनापासून. (तापतो म्हणून आता दहा मिनिटांनी बंद करतेय.)

प्रतिसाद २
काळा पट्टा जाईल. टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवतो, मोबाईल ३० च्या हिशोबात बघतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० करा, फ्रेम रेट २५ मिळाला तर उत्तमच.

एररसाठी: टेपच्या हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, तो बारीक स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवा आणि ऐका, आवाज सगळ्यात तीक्ष्ण जिथे येईल तिथे थांबा. माझ्या लहानपणी हा स्क्रू घरातल्या एकाच माणसाने फिरवायचा असा नियम होता. कॅसेटऐवजी मोबाईलवरून वाजवत असाल तर एमपीथ्री नको, साधी वेव्ह फाईल, मोनो, व्हॉल्यूम तीन चतुर्थांश, इक्वलायझर बंद.

आणि ताई, गेम कशाला लोड करता? तो कोणाचा तरी आहे, कॉपीराईटची भानगड नको. तुम्हीच एक चित्र काढा आणि स्क्रीन म्हणून कॅसेटवर सेव्ह करा. पूर्ण स्क्रीन ६९१२ बाईट्स, लोड व्हायला पाऊण मिनिट. आणि ते बघायला काय भारी वाटतं! कडेला निळे-पिवळे पट्टे नाचतात, आधी वरच्या तिसऱ्या भागात दर आठवी रेघ येते, मग तिच्या खालची, असं करत भाग भरतो, मग मधला, मग खालचा. सगळं काळं-पांढरं. शेवटच्या चार-पाच सेकंदांत ७६८ बाईट्स रंगाचे येतात आणि चित्र वरून खाली रंगत जातं. हे एकही कट न मारता ठेवा, पोरं हलणार नाहीत.

प्रतिसाद ३
त्या मुलाला सांगा, मराठीच्या बाई लघु-गुरू शिकवतात ना, तेच. आखूड लहर म्हणजे शून्य, लांब लहर म्हणजे एक, आणि लांब ही आखूड लहरीच्या अचूक दुप्पट. लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन! कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी कॅपिटल ए चा नंबर ६५, म्हणजे नुसत्या शून्य-एकमध्ये लिहिलं तर ०१०००००१, म्हणजे ल गा ल ल ल ल ल गा. वर्गात टाळ्यांनी वाजवून घ्या. मशीन सेकंदाला असे साधारण दीड हजार लघु-गुरू ऐकतं म्हणून आपल्याला ती नुसती किंचाळी वाटते.

धागाकर्ती
लघु-गुरू!! हे मला का सुचलं नाही, मी स्वतः मराठी घेऊन बीए केलंय हो.

अपडेट: स्क्रू फिरवला, तिसऱ्या फेरीत लोड झालं. चित्र काढलंय शाळेचं, लाल कौलं आणि मागे निळं आकाश, झेंडा. पण कौलांच्या कडेला आकाशसुद्धा लाल झालंय, ठिगळासारखे चौकोन दिसतात. माझी चूक की मशीनची?

प्रतिसाद २
मशीनचा स्वभाव आहे. आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग बसतात, रंगांसाठी मेमरी वाचवली ना. त्या काळचे गेमवाले याच्याशीच झगडायचे. छप्पर चौकोनाच्या रेघेवर आणून बसवा, गणिताच्या चौकटीच्या वहीत आधी आखून घ्या.

धागाकर्ती
कौलं सरळ केली की शाळा पत्र्याची वाटते. ठिगळं तशीच ठेवतेय, पोरांनाच विचारते का आली ते. आता फक्त झेंडा राहिलाय, काठी एका ठिपक्याची आहे आणि ती वहीत बरोब्बर दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर येतेय, ती कुठल्या बाजूला सरकवू?