मदत हवी आहे: पर्यावरणाच्या प्रकल्पात माती कोणत्या घटकात धरायची?

प्रश्न: यावल तालुक्यातल्या शाळेत नैसर्गिक पर्यावरणावर प्रकल्प घ्यायचा आहे. शिलावरण, जलावरण, वातावरण, जीवावरण हे मुलांना पाठ आहे. पण माती जैविक की अजैविक, इथे गट अडलेत. गावातल्याच साहित्यात होईल असा प्रयोगही सुचवा.

उत्तर १: ताई, माती एका रकान्यात बसवूच नका. खडकाचा भुगा, कुजलेला पाला, जिवाणू, पाणी, हवा हे सगळं तिच्यात असतं. चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळी असते, त्यात पाणी आणि हवा. तक्त्यात मधोमध माती लिहून चारही आवरणांकडून बाण काढा. माणसाने न घडवलेलं भोवतालचं सगळं म्हणजे नैसर्गिक पर्यावरण, हे मग मुलांना आपोआप कळतं.

प्रयोग: एक माती सातपुड्याच्या पायथ्याची, दुसरी तापीकाठची. वरचा पाला सारून 15 सेंमी खोलीवरून घ्या. वाळवा, ढेकळं पूर्ण फोडा, चाळा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपड्यांची पावडर. पाच मिनिटं जोरात हलवून ठेवा. कण जाडीप्रमाणे थर करून बसतात: वाळू मिनिटभरात, तिच्याहून बारीक गाळ दोनेक तासांत. काळ्या मातीतली चिकणमाती मात्र दोन-तीन दिवसही तरंगते, तोवर बरणी हलवू नका. मीठ टाकू नका, त्याने बारीक कण गोळा होऊन लवकर खाली येतात आणि थर चुकतात.

उत्तर २: याला पाणी मुरण्याची चाचणी जोडा. दोन्ही तोंडं उघडी असलेला डबा 5 सेंमी जमिनीत ठोका, एक लिटर पाणी ओता, वेळ मोजा. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा असतात, पाणी त्यातून पळतं आणि जमीन मुरमाड असल्यासारखं वाटतं. म्हणून आधी जमीन भिजवा, दुसऱ्या ओतण्याची वेळ धरा. यावल-रावेरच्या पायथ्याला ओढ्यांनी आणलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा थर आहे, त्याला बझाडा म्हणतात. तिथे पाणी झरझर खाली जातं. शिलावरणावर जलावरण कसं अवलंबून आहे, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण खान्देशात मिळणार नाही.

प्रश्नकर्ती: केळीच्या बागेतली माती चालेल का?

उत्तर १: ठिबकच्या नळीजवळची नको, खतांच्या क्षारांमुळे तीच मिठाची अडचण येते. बांधावरची, नांगर न लागलेली घ्या.