मदत हवी आहे: रक्तात पारा वाढला, सेलेनियमच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

खाडीकाठ: पत्नीच्या रक्ततपासणीत पारा जास्त आला आहे. सेलेनियम पाऱ्याला बांधून ठेवते असे वाचल्यामुळे रोज 200 मायक्रोग्रॅमच्या गोळ्या सुरू करण्याचा विचार आहे. औषधवाला संध्याकाळी बाटली पाठवतो आहे, तेव्हा कृपया त्वरित सांगावे.

निवृत्त रसायनी: ‘जास्त’ म्हणजे किती? मासे कोणते व किती वेळा खाता, की एखादे भस्म चालू आहे? माशांतला मिथाइल पारा रक्तात सापडतो. भस्मातल्या पाऱ्यासाठी लघवी तपासणे अधिक उपयोगी.

मोरीप्रेमी: उगाच घाबरवू नका. सेशेल्समधल्या गरोदर स्त्रिया भरपूर समुद्री मासे खातात, तरी त्यांच्या मुलांत ठळक अपाय आढळला नाही, कारण बहुतेक समुद्री माशांत पाऱ्याहून सेलेनियम अधिक असते. आमच्याकडे तीन पिढ्या मोरीचे, म्हणजे शार्क माशाचे, मटण शिजते आहे.

निवृत्त रसायनी: मग फॅरो बेटांचेही सांगा. तिथे पायलट व्हेलच्या मांसातून आईच्या पोटात पारा गेला आणि मुलांच्या स्मृती, भाषा व अवधानात उणीव दिसली. नाळेच्या रक्तात सेलेनियम मुबलक असूनही त्याचे संरक्षण स्पष्ट दिसले नाही. मिथाइल पारा मेंदूतल्या सेलेनियमयुक्त विकरांनाच (एन्झाइम्सना) जखडतो, म्हणून सेलेनियमची कमतरता नसावी हे खरे. पण वरून गोळ्या घेतल्याने पारा शरीराबाहेर पडत नाही.

कल्पवृक्ष: दातांत भरलेली चांदी आधी काढून घ्या, माझी डोकेदुखी त्यानेच थांबली.

निवृत्त रसायनी: ती काढतानाच पाऱ्याची वाफ निघते, आणि इथे दातांविषयी कोणी विचारलेले नाही.

खाडीकाठ: 14 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर. मोठी सुरमई, आठवड्यातून चारदा. भस्म नाही. तिला तिसरा महिना चालू आहे, हे लिहायचे राहिले.

निवृत्त रसायनी: अहो, ते पहिल्या ओळीत हवे होते! अहवाल आजच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. मोठी सुरमई आणि मोरी थांबवून बांगडा, तारली, मांदेली आणा. मासे मात्र सोडू नका. रक्तातला मिथाइल पारा निम्मा व्हायला साधारण 50 दिवस लागतात. शिवाय गरोदरपणाच्या गोळीत सेलेनियम आधीच किती आहे, ते पाहा. युरोपने 2023 मध्ये प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा 255 मायक्रोग्रॅमवर आणली, आणि त्यात अन्नातलेही धरलेले आहे. दीर्घकाळ अतिरेक झाल्यास केस गळतात, नखे ठिसूळ होतात.

खाडीकाठ: डबीच्या मागे बारीक अक्षरांत 65 मायक्रोग्रॅम लिहिलेले सापडले. औषधवाल्याला नको म्हणून कळवले. सुरमई बंद हे आईला कोणी सांगायचे, यासाठी मात्र वेगळा धागा काढावा लागेल.