आईला व्हॉट्सॅपवर ओव्या टाकायला शिकवायचंय, लांबून कसं शिकवू?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, आई ७१ वर्षांची, मिरजेत एकटी असते आणि मी नोकरीसाठी बंगळुरूला. दिवाळीत तिला स्मार्टफोन घेऊन दिला, फोन उचलणं, व्हिडिओ कॉल एवढं जमतं पण गाडी तिथंच अडलीय. घरच्या ग्रुपवर सगळ्यांचे फोटो बघते, स्वतः काही टाकत नाही, विचारलं की म्हणते माझ्या हातून भलतंच काहीतरी व्हायचं. तिला जात्यावरच्या ओव्या भरपूर पाठ आहेत, आज्जीकडून आलेल्या, मला फार वाटतं की तिनं त्या स्वतः रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकाव्यात, पुढं जमलं तर यूट्यूबवर पण. मागच्या खेपेला चार दिवस राहून शिकवलं, वहीत एकेक पायरी लिहून दिली, पण अ‍ॅप अपडेट झालं नि बटणं इकडची तिकडं झाली, वही बाजूला पडली. मी शिकवताना पटकन फोन तिच्या हातातून घेतो नि 'हे बघ असं' म्हणून करून टाकतो, ते चुकतंय हे कळतंय. शिवाय त्या डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर घाबरवून पैसे उकळण्याच्या बातम्या वाचून पोटात गोळा येतो. तुम्ही तुमच्या घरी कसं केलं?

निवृत्त_मास्तर:
मी स्वतः ७४ वर्षांचा आहे म्हणून सांगतो, फोन हातातून घेऊ नका. तुम्ही दहा सेकंदात करता ते आम्हाला दिसतच नाही. बोट आमचंच हलू द्या, दहा मिनिटं लागली तरी लागू द्या. आणि बोटाचंच बोलायचं तर वयानं कातडी कोरडी पडते, स्क्रीनला स्पर्श नीट कळत नाही, आम्ही मग जोरात दाबून धरतो आणि फोनला वाटतं काहीतरी निराळं हवंय, मेनू उघडतो. आईंना वाटतं आपलं चुकलं, पण त्यात त्यांची काही चूक नसते. अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत दाबून धरायचा वेळ वाढवता येतो, तो वाढवा, अक्षरं पण मोठी करा.
भीतीवर माझा उपाय एकच, व्हॉट्सॅपवर स्वतःच्याच नंबरला मेसेज पाठवता येतो. तिथं आईंना हवं ते करू द्या, कुणी बघत नाही. मी महिनाभर रोज स्वतःलाच फोटो नि बोललेले मेसेज पाठवत होतो, मग धीर आला. माइक दाबून धरायचा, बोलायचं, सोडलं की गेलं. ओवी मोठी असेल तर माइक धरून वर सरकवायचा, कुलूप लागतं, मग बोट धरून बसायची गरज नाही. आणि चुकून ग्रुपवर काही गेलंच तर साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतं हे त्यांना करून दाखवा, नुसतं सांगू नका.

फोंड्याची_सून:
मास्तरांना अनुमोदन. सासूबाईंच्या फोनमध्ये सकाळच्या शुभेच्छांची एवढी चित्रं साठली होती की नातवाचा फोटो काढायला जागा उरली नव्हती. व्हॉट्सॅपच्या स्टोरेज अँड डेटा सेटिंगमध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड बंद केलं, आता ती चित्रं आपोआप फोनमध्ये उतरत नाहीत. दोन बाणांची खूण असलेला मेसेज बऱ्याच जणांकडून फिरत आलेला असतो हे त्यांना आता पाठ झालंय, औषधपाण्याचं असलं काही आलं की आधी मला विचारतात.

सेटिंगवाला:
सुरक्षेचं आधी करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. व्हॉट्सॅपच्या सेटिंगमध्ये टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा. प्रायव्हसीमध्ये ग्रुपात कोण घेऊ शकतं तिथं 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. त्याच पानावर कॉल्समध्ये अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे, ती चालू केली की अनोळखी नंबरचा व्हॉट्सॅप कॉल वाजतच नाही. लांबून शिकवायला व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर आहे, आई त्यांची स्क्रीन दाखवतील नि तुम्ही नुसतं तोंडानं सांगायचं, म्हणजे फोन हिसकावायचा प्रश्नच नाही. पण ठगही हेच करायला लावतात, म्हणून घरचं माणूस सोडून कुणालाही स्क्रीन दाखवायची नाही एवढं पक्कं ठरवा. डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यातच नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, असा फोन आला की ठेवून द्यायचा आणि तुम्हाला करायचा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. हा आकडा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, फोनमध्ये ठेवला तर घाबरलेल्या माणसाला सापडत नाही.

जातं_आणि_गाणं:
ओव्या वाचून राहवलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या काही आता 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साइटवर ऐकता येतात. आईंना त्या आधी ऐकवा. आपल्यासारख्याच बायकांचा आवाज तिथं आहे म्हटल्यावर हुरूप येईल, मी माझ्या मावशीचं बघितलंय. रेकॉर्ड करताना ओवीच्या आधी ही कुणाकडून शिकले, कुठल्या गावात, एवढं बोलायला सांगा. जपून ठेवायची प्रत फोनच्या साध्या रेकॉर्डरवर करा नि व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. यूट्यूबवर आधी अनलिस्टेड ठेवा, लिंक असेल त्यालाच दिसतं, आईंचं मन तयार झालं की मग सगळ्यांना खुलं करा, पण त्यांना विचारूनच. आणि ग्रुपवाल्यांना सांगून ठेवा, नुसता अंगठा नको, दोन शब्द बोलून पाठवा. पहिल्याच ओवीला कुणी उत्तर दिलं नाही तर माणूस परत टाकत नाही.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले. पिन, ग्रुप, अनोळखी कॉल सगळं रविवारी स्क्रीन शेअरवर केलं, दीड तास लागला पण बोट सगळं तिचंच. परीवरच्या ओव्या ऐकताना एका ओवीला मध्येच थांबवून म्हणाली आमच्याकडं हा शब्द असा नाही, नि पुढची तिची तिनंच म्हटली. आठवडाभर स्वतःलाच पाठवत होती, मला ऐकू देत नव्हती. काल सकाळी ग्रुपवर आली, भावाची ओवी आहे, अर्ध्यावर थांबून परत पहिल्यापासून म्हटलीय. चुलतबहिणीनं बोलून उत्तर दिलं, ते आईनं चार वेळा ऐकलं. मामा ग्रुपात नाही, त्याचा फोन साधा बटणांचा, तर आता विचारतेय की त्याला ही कशी ऐकवायची. कुणाला काही सुचतंय का?