साहित्याच्या विद्यार्थ्यांना अस्तित्ववाद कोठून शिकवावा?

प्रश्न: मी पुण्यात मराठीच्या पदव्युत्तर वर्गाला शिकवते. अस्तित्ववाद, म्हणजे माणूस स्वतःच्या निवडीतून आपल्या जगण्याला अर्थ देतो असे मानणारा विचार, शिकवताना डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दपासून क्रमाने सुरुवात केली की विद्यार्थी संज्ञा पाठ करतात, परंतु कादंबरी वाचताना त्या त्यांच्या उपयोगी पडत नाहीत. आरंभ कोठून करावा?

प्रतिसाद १: मॅडम, १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ या कादंबरीपासून करावा, असे मला मनापासून वाटते. सांगवीहून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग आपल्या विद्यार्थ्यांना परका वाटणार नाही, कारण त्यांच्यातील कित्येक जण असेच गाव सोडून येथे खोली घेऊन राहतात. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग वर्गात सावकाश वाचावा, आणि कोणतेही सांत्वन तेथे पुरे पडत नाही हे त्यांना जाणवल्यावरच ‘निरर्थकता’ हा शब्द फळ्यावर लिहावा.

प्रतिसाद २: सूचना उत्तम आहे, मात्र तेवढ्यावर थांबल्यास अस्तित्ववाद म्हणजे केवळ निराशा, असा समज होतो (तो मराठी समीक्षेतही आढळतो). फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्रने १९४५ मध्ये पॅरिसच्या व्याख्यानात एका विद्यार्थ्याचे उदाहरण दिले होते: आईजवळ राहावे, की जर्मनांविरुद्ध लढायला जावे? सार्त्रने त्याला सांगितले, की तू स्वतंत्र आहेस, निवड तूच कर. हा पेच उत्तर न देता वर्गापुढे ठेवावा. याच परंपरेत गणल्या जाणाऱ्या फ्रेंच लेखक काम्यूने अस्तित्ववादी म्हणवून घेण्यास नकार दिला होता, हेही आवर्जून सांगावे.

प्रश्नकर्ती: दोघांचेही आभार. पुढील तासाला मनीचा भागच वाचेन आणि सार्त्रचा पेच त्यानंतरच्या तासाला घेईन.